अनोळखी पानांवरच्या जाहिराती आणि आपला माल

सध्यां आपल्या भागांत मोबाइल नाहीं असें घर क्वचितच सांपडेल. क्रिकेटच्या सामन्यांतील धावा पाहाव्या, पावसाचा अंदाज वाचावा, एखादें कीर्तन ऐकावें किंवा मुलीसाठीं स्थळ शोधावें. कोणतेंही पान उघडलें कीं त्याच्या माथ्यावर, मधोमध किंवा पायथ्याशीं एक रंगीत चौकट येऊन बसलेली असते. तींत कापसाचें बियाणें, तणनाशक, पिकाचें टॉनिक, ट्रॅक्टर, नाहीं तर कर्ज यांची जाहिरात झळकत असते. वाचणाऱ्यानें ती मागितलेली नसते, आणि ज्या पानावर ती आली त्याच्या विषयाशीं तिचा कांहीं संबंधही नसतो. शिरूर कासारच्या बाजारांत बसलेल्या माणसास ती गांठते, तशीच ऊसतोडीसाठीं परजिल्ह्यांत जाऊन कोपींत उतरलेल्या माणसासही गांठते.

इतके दिवस ही जाहिरात आपण केवळ पाहत होतों. आतां ती देण्याचा सल्लाही आपणांस मिळूं लागला आहे. शेतकरी उत्पादक कंपन्या, बचत गट, फळबागायतदारांचे गट यांना असें सांगण्यांत येतें कीं, तुमच्या मालाची चौकट लाखों पानांवर लावा, म्हणजे थोड्या पैशांत तुमचें नांव लाखों लोकांच्या डोळ्यांखालून जाईल. हा सल्ला सर्वस्वी खोटा नाहीं. पण तो अर्धा आहे, आणि अर्ध्या सल्ल्यानें शेतकऱ्याची पुरी थैली रिकामी होते. म्हणून या प्रकाराची नीट छाननी करून आमचें मत वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अवश्य वाटतें. तें मत आरंभींच सांगतों. नाशवंत माल विकणाऱ्या लहान गटानें अनोळखी पानांवर सरसकट जाहिरात पसरूं नये. आणि बी, खत व औषध विकत घेणाऱ्यानें केवळ अशा जाहिरातीवर विसंबून एक रुपयाही खर्चूं नये. दोन्ही गोष्टींचें मूळ एकच आहे. या व्यवहारांत पैसा कोठें गेला हें देणाऱ्यास दिसत नाहीं, आणि जाहिरात कोणीं आणली हें पाहणाऱ्यास कळत नाहीं.

हा धंदा कसा चालतो तें प्रथम पाहूं. इंटरनेटवरील अशा चौकटींचा आरंभ सामान्यतः २७ ऑक्टोबर १९९४ पासून धरतात. त्या दिवशीं अमेरिकेंतील 'हॉटवायर्ड' या नियतकालिकाच्या पानांवर त्या प्रथम झळकल्या. तेव्हां पानाचा मालक व जाहिरातदार यांचा प्रत्यक्ष सौदा असे, वर्तमानपत्रांत होतो तसाच. पुढें पानें कोट्यवधि झालीं आणि मध्यें अडते आले. गूगलनें २००३ सालीं 'ॲडसेन्स' नांवाची व्यवस्था काढली. कोणत्याही लहानमोठ्या पानाच्या मालकानें आपल्या पानांतील रिकामी जागा गूगलच्या हवालीं करावी, गूगलनें तींत जाहिराती लावाव्या, आणि आलेल्या पैशांतील वांटा मालकास द्यावा, असा हा करार आहे. अशाच दुसऱ्याही अनेक पेढ्या आज या धंद्यांत आहेत.

आज वाचक पान उघडतो त्या क्षणींच त्यांतील रिकाम्या जागेचा लिलाव होतो. मोंढ्यांत मालाच्या ढिगापुढें उभें राहून बोली लावतात तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच कीं येथें बोली यंत्रें लावतात आणि सारा सौदा सेकंदाच्या लहानशा अंशांत उरकतो. बोलीपूर्वीं यंत्रांस वाचकाविषयीं कांहीं खुणा मिळतात: तो कोणत्या भागांत आहे, त्यानें पूर्वीं काय शोधलें, काय पाहिलें. म्हणूनच काल एखाद्यानें फवारणीच्या पंपाची चौकशी केली असेल, तर आज क्रिकेटच्या पानावर त्यास पंपच दिसतो. पानाचा विषय आणि जाहिरातीचा विषय यांची फारकत झाली ती अशी. ही गोष्ट वाचकांनीं पक्की लक्षांत ठेवावी कीं, त्या पानाच्या संपादकानें ती जाहिरात सहसा निवडलेली नसते. पुष्कळदां त्यानें ती पाहिलेलीही नसते.

दर मुख्यतः दोन प्रकारें आकारतात. एक दर हजारीं, म्हणजे चौकट हजार वेळां दाखविली कीं अमुक रुपये. दुसरा बोटागणिक, म्हणजे वाचकानें चौकटीवर बोट ठेवून पुढचें पान उघडलें तरच पैसे. पहिल्या प्रकारांत 'दाखविली' या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. या धंद्यांत रूढ असलेल्या मापाप्रमाणें, चौकटीचा निम्मा भाग एक सेकंदभर पडद्यावर आला कीं ती 'दिसण्याजोगी' झाली असें धरतात. पाहणाऱ्याची नजर तिकडे गेली कीं नाहीं, हा प्रश्न त्या मापांत येतच नाहीं. रस्त्यानें जाणाऱ्या एस्. टी. ची खिडकी आपल्या दुकानासमोरून एक सेकंद गेली म्हणून आंतील पन्नास उतारूंना आपण गिऱ्हाइकें म्हणावें, असा हा हिशेब आहे.

तथापि दूरवर नांव पसरविण्याची कल्पना मुळांतच वेडगळ आहे असें कोणीं समजूं नये. जाहिरात विषयाला धरूनच असली पाहिजे असा नियम जुन्या व्यापाऱ्यांनींही कधीं पाळला नाहीं. गांवच्या वेशीजवळच्या भिंतीवर बियाण्याचें नांव रंगवितात, तें त्या वाटेनें जाणारा प्रत्येक जण पेरणीलाच निघालेला असतो म्हणून नव्हे. आकाशवाणीच्या विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणें व नागपूर या केंद्रांवरून व्यापारी जाहिराती सुरू झाल्या. गाण्यांच्या मधून रोजच्या वापराच्या जिनसांचीं नांवें येऊं लागलीं, आणि गाण्याचा व साबणाचा संबंध काय असें कोणी विचारीत बसला नाहीं. माणूस सदासर्वदा खरेदीचा विचार करीत नसतो. परंतु खरेदीची वेळ येऊन तो दुकानांत उभा राहिला म्हणजे, जें नांव अनेकदां कानांवरून गेलें असेल तेंच त्याच्या तोंडीं येतें. ओळख ही जाहिरातीची खरी कमाई आहे, आणि ती वरचेवर भेट झाल्यानेंच होते.

याचें आपल्या महाराष्ट्रांतील नमुनेदार उदाहरण म्हणजे किर्लोस्करांचा नांगर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवांत सायकलच्या दुकानापासून आरंभ केला, पुढें लोखंडी नांगर तयार केला, आणि १९१० सालीं औंध संस्थानांतील माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. पण आरंभीं नांगरास गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाच्या फाळानें जमीन बिघडेल अशी शेतकऱ्यांना भीति वाटे, आणि पहिले थोडके नांगर खपण्यासही दोन वर्षें लागलीं असें सांगतात. पुढें १९२० सालीं शंकरराव किर्लोस्करांनीं 'किर्लोस्कर खबर' हें मासिक काढलें. कारखान्याची व त्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोंचविणें हा त्याचा मूळ हेतु होता. परंतु हळूहळू त्यांत गोष्टी, निबंध, समाजसुधारणेचे लेख असें सर्व प्रकारचें वाचन येऊं लागलें, आणि पुढें तें 'किर्लोस्कर' या नांवानें महाराष्ट्रांतील एक प्रमुख मासिक बनलें. १९३० सालीं 'स्त्री' आणि १९३४ सालीं 'मनोहर' हीं मासिकें त्याच घरांतून निघालीं. वाचक येई तो गोष्टीसाठीं. पण पान उलटतांना त्याची नांगराशीं, चरकाशीं, पंपाशीं गांठ पडे.

मग आजच्या चौकटी आणि 'खबर' यांत भेद तो कोणता? आमच्या मतें तीन भेद आहेत. पहिला हा कीं, 'खबर'चें पान कोणाचें आहे हें उघड होतें. त्यांत छापलेल्या अक्षराबद्दल जाब विचारण्यास पत्ता होता. दुसरा हा कीं, तें महिन्यामागून महिना त्याच घरीं जात असे. ओळख वाढत जाई. तिसरा आणि सर्वांत मोठा भेद असा कीं, त्या जाहिरातीच्या मागें गांवोगांव विक्रेते होते, आणि नांगर रानांत चालवून दाखविणारीं माणसें होतीं. शेतकऱ्याची शंका छापील चौकटीनें फिटली नाहीं. ती तासांतून उलथून आलेल्या ढेकळांनीं फिटली. जाहिरातीनें दार ठोठावलें, परंतु आंत प्रवेश मिळविला तो नांगरानें. हल्लींच्या चौकटी विकणारे यांतील दार ठोठावण्याचाच भाग विकतात, आणि तेंही कोणाचें दार ठोठावलें हें सांगत नाहींत.

हें आमचें केवळ तर्कट नव्हे. ज्यांच्यापाशीं पैशांस तोटा नाहीं अशा परदेशीय पेढ्यांचा अनुभवही हेंच सांगतो. जे. पी. मॉर्गन चेस या अमेरिकेंतील मोठ्या बँकेच्या जाहिराती २०१७ सालच्या आरंभापर्यंत दरमहा सुमारें ४ लाख संकेतस्थळांवर लागत असत. त्या कोठें कोठें लागतात याची बँकेनें तपासणी केली, तेव्हां सुमारें १२,००० स्थळांवरच, म्हणजे शेंकडा तीनच ठिकाणीं, वाचकानें चौकट डोळ्यांपुढून जाऊं देण्यापलीकडे कांहीं केलें असें आढळलें. बँकेनें पारखून सुमारें ५,००० स्थळें ठेवलीं व बाकीचीं वगळलीं. तरीही परिणामांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं असें तिच्या अधिकाऱ्यांनीं जाहीर केलें. त्याच वर्षीं प्रॉक्टर अँड गँबल या साबण-सोड्याच्या जगद्विख्यात कंपनीनें एका तिमाहींत इंटरनेटवरील जाहिरातींच्या खर्चांत १० कोटी डॉलरांहून अधिक कपात केली, आणि विक्रीवर त्याचा परिणाम जवळजवळ जाणवला नाहीं असें सांगितलें.

अमेरिकेंतील राष्ट्रीय जाहिरातदार संघानें २०२३ सालीं अशा यंत्रलिलावांची तपासणी करून आपला अहवाल प्रसिद्ध केला. तींत असें दिसून आलें कीं, तपासलेल्या दर्शनांपैकीं शेंकडा २१ दर्शनें केवळ जाहिराती चिकटविण्यासाठींच उभारलेल्या पोकळ स्थळांवर झालीं होतीं. आणि लिलावांत शिरलेल्या प्रत्येक डॉलरांतील ३६ सेंटच काय ते खऱ्या वाचकापर्यंत उपयोगी पडत होते. उरलेले मध्यस्थांच्या दलालींत आणि निरुपयोगी दर्शनांत जिरले. ही अडत आपणांस नवी नाहीं. फळे-भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याच्या पट्टींतून न कापतां ती खरेदीदारानें द्यावी, असा निर्णय होण्यास महाराष्ट्रांत २०१६ साल उजाडलें. ज्या शेतकऱ्यानें शेंकडा सहा-आठ अडतीविरुद्ध वर्षानुवर्षें गाऱ्हाणें केलें, त्यानेंच आतां रुपयांत दहा आण्यांची न दिसणारी अडत आपल्या हातानें देऊं करावी, हें शहाणपण नव्हे.

आतां आपल्या मालाकडे वळूं. बालाघाटाच्या खडकाळ उतारांवर, जेथें दुसरें फळझाड तग धरीत नाहीं, तेथें सीताफळ येतें. बीड जिल्ह्याच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. अंबाजोगाईस वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाचें सीताफळ संशोधन केंद्र आहे. फळाची गोडी, त्याचें नांव आणि त्यामागचें शास्त्र, या तिन्हीं गोष्टी आपणांपाशीं आहेत. अडचण एवढीच कीं, सीताफळ झाडावरून काढल्यावर दोनचार दिवसांत पिकतें, आणि एकदां पिकलें कीं कोणासाठीं थांबत नाहीं. हंगामही पावसाळा सरतांना येतो. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीनें मराठवाड्याची काय दशा केली हें येथें सांगावयास नको. अशा फळाच्या विक्रीस वेळ थोडा आणि चुकीला जागा त्याहून थोडी.

समजा, एका गटानें हंगामासाठीं २०,००० रुपये जाहिरातीस काढले, आणि दर हजारीं ४० रुपये पडले. म्हणजे चौकट ५ लाख वेळां दाखविली जाईल. हा आंकडा ऐकून कोणाचीही छाती फुगेल. पुढें हजारांत एकानें चौकटीवर बोट ठेविलें असें धरूं; म्हणजे ५०० माणसें आपल्या पानावर आलीं. त्यांतील शंभरांत दोघांनीं प्रत्यक्ष मागणी नोंदविली, तर एकंदर १० पेट्या खपल्या. पेटीमागें जाहिरातीचाच खर्च २,००० रुपये झाला. नशिबानें दहापट यश आलें असें मानलें तरी पेटीमागें २०० रुपये जाहिरातीस गेले; तोडणी, पेटी, भाडें आणि वाटेंतील नासाडी हीं अद्याप बाहेरच राहिलीं. हे आंकडे हिशेबाची रीत दाखविण्यापुरते घेतले आहेत. प्रत्येक गटानें यांत आपले आंकडे घालून पाहावे. परंतु दर्शनांच्या लाखांपासून सुरुवात न करतां, विकलेल्या पेटीपासून उलट मोजीत जावें, हा नियम मात्र कोणींही सोडूं नये.

यावरून आमचा दुसरा नियम निघतो. जेथवर फळ सुखरूप पोंचतें तेथवरच जाहिरात जावी. दूर आसामांतील एखाद्या गृहस्थानें आपल्या चौकटीवर बोट ठेविलें तर त्याच्या बोटाचे पैसे आपणांस पडतील. पण त्यास फळ कांहीं देतां येणार नाहीं. अहिल्यानगर, पुणें, छत्रपति संभाजीनगर ही आपली खरी पेठ. १७ सप्टेंबर २०२५ रोजीं अहिल्यानगर ते बीड ही आगगाडी सुरू झाली. तिच्या साह्यानें पुढेंमागें ही कक्षा रुंदावेल, तेव्हां जाहिरातीची कक्षाही रुंदावावी. आधीं माल जाण्याची वाट, मग नांव जाण्याची वाट. हा क्रम उलटला तर मागणी येते आणि माल येत नाहीं. आणि एकदां फसलेलें गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षीं बोलावूनही येत नाहीं. ज्वारी, बाजरी, तूरडाळ किंवा सीताफळाचा गोठविलेला गर यांची गोष्ट वेगळी. तो माल टिकतो, म्हणून त्यांचें नांव लांब गेलें तर तोटा नाहीं.

मग लहान गटानें जाहिरात करूंच नये काय? अवश्य करावी, पण ओळखीच्या पानांवर करावी. जाहिरात लावणाऱ्या पेढीस स्पष्ट सांगावें कीं, आम्ही नेमून दिलेल्या तीन-चार शहरांतच आणि आम्ही निवडलेल्या पानांवरच चौकट लावा. बाकीचीं सर्व वगळा. अशी सोय त्या व्यवस्थेंत असते, मात्र ती न मागणाऱ्यास आपण होऊन कोणी देत नाहीं. शक्य तर बोटागणिक दर ठरवावा. चौकट कोणकोणत्या पानांवर लागली याची यादी दर आठवड्यास मागून घ्यावी. जो ती देण्यास कांकूं करील त्याचें काम तेथेंच थांबवावें. प्रथम एकूण रकमेचा दहावा हिस्साच खर्चून पाहावा, आणि प्रत्येक गिऱ्हाइकास 'आमचें नांव कोठें पाहिलें?' हा प्रश्न विचारून उत्तर वहींत टिपून ठेवावें. एवढें केल्यावर बहुतेक गटांना असें आढळून येईल कीं, पुण्याच्या एखाद्या वसाहतींत पहिल्या वर्षीं दहा घरीं दिलेलें उत्तम फळ हीच दुसऱ्या वर्षींची सर्वांत स्वस्त जाहिरात आहे.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. तुम्ही म्हणतां तसें प्रत्येक गट आपापल्या दहा घरांपुरताच राहिला, तर 'बीडचें सीताफळ' हें नांव मोठें व्हावयाचें कसें? दूरवरची जाहिरात कोणीं तरी केलीच पाहिजे. आम्हांसही तें मान्य आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तें काम एकट्या गटाचें नव्हे. अनोळखी पानांवर दूरवर पसरलेल्या जाहिरातीनें नांव गाजतें तें मुख्यतः जिनसाचें, आणि त्याचा लाभ तो जिनस पिकविणाऱ्या सर्वांस मिळतो. म्हणून तिचा खर्चही सर्वांनीं मिळून सोसला पाहिजे. राष्ट्रीय अंडी समन्वय समिति १९८२ सालीं स्थापन झाली, आणि तिचें ठाणें पुण्यास आहे. तिनें अमुक एका कोंबडीपालकाचीं अंडीं घ्या असें कधीं सांगितलें नाहीं. अंडीं खा, एवढेंच देशभर सांगितलें. अंडें गांवोगांव मिळतें, तेव्हां ज्याच्या कानीं तें पडलें त्यास तें जवळच्याच दुकानांत घेतां आलें, आणि धंदा सर्वांचाच वाढला. दूरवरच्या जाहिरातीचा हा योग्य उपयोग होय.

त्याच धर्तीवर बीडच्या सीताफळाचें नांव दूरवर नेण्याचें काम महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळानें आणि मानांकनधारक संस्थेनें मिळून करावें, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. परंतु त्यापूर्वीं आपलेंही एक कर्तव्य आहे. भौगोलिक मानांकनाचा उपयोग करण्याचा हक्क नोंदणी केलेल्या उत्पादकासच मिळतो. ज्यांनीं अद्याप आपली नोंद केली नाहीं त्यांनीं ती अगोदर करावी. नाहीं तर जाहिरात होईल बीडच्या नांवाची, आणि त्या नांवाखालीं फळ विकलें जाईल भलत्याच मुलुखाचें. खर्च एकाचा, नफा दुसऱ्याचा आणि दोष मात्र आपला, असा प्रकार होईल.

आतां नाण्याची दुसरी बाजू. आपण जाहिराती देतों त्याहून किती तरी अधिक पाहतों. त्यांत सर्वांत धोक्याची गोष्ट ही कीं, एखाद्या विश्वासू वर्तमानपत्राच्या किंवा भक्तिपर पानावर औषधाची चौकट दिसली, म्हणजे त्या पानाचा भला लौकिक नकळत त्या औषधास चिकटतो. 'अमक्या पेपरांत आलें होतें' असें शेतकरी दुकानदारास सांगतो. वास्तविक तें त्या पेपरांत आलेलें नसतें. त्या पेपराच्या भिंतीवर यंत्रानें रात्रींतून चिकटविलेलें असतें. शिवाय तीच चौकट दहा पानांवर दहा वेळां दिसली म्हणजे दहा साक्षीदार मिळाल्यासारखें वाटतें. साक्षीदार एकच असतो, आणि तो पैसे देऊन उभा केलेला असतो.

पिकाच्या टॉनिकांचेंच उदाहरण घ्या. 'फुलगळ बंद, उत्पन्न दुप्पट' अशा घोषणांनीं हीं द्रव्यें वर्षानुवर्षें खपलीं, आणि त्यांवर म्हणण्यासारखें नियंत्रण नव्हतें. केंद्र सरकारनें २०२१ सालीं जैवउत्तेजक द्रव्यांना खत नियंत्रण आदेशाखालीं आणलें. तात्पुरत्या नोंदणीवर त्यांची विक्री चालूं ठेवण्याची मुदत जून २०२५ मध्यें संपली. तेव्हां अशा द्रव्याच्या बाटलीवर आतां रीतसर नोंद असलीच पाहिजे, आणि घेणाऱ्यानें ती पाहिलीच पाहिजे. कापसाच्या बियाण्याचा प्रकार निराळा. बीटी कापसाच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत सरकार ठरवितें. २०२५ च्या हंगामासाठीं ती ९०१ रुपये होती. येथें जाहिरातीचा खर्च पाकिटावर उघड चढवितां येत नाहीं. पण एकाच वाणाचें नांव प्रत्येक पानावर गाजलें म्हणजे सर्व तालुका त्याच वाणामागें धांवतो, तुटवडा पडतो, आणि तें पाकीट मागील दारानें चढ्या भावानें विकलें जातें. शेजारच्या रांगेंत तितकेंच चांगलें दुसरें वाण पडून राहतें. गाजलेलें नांव आणि आपल्या जमिनीस मानवणारें वाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचें उत्तर चौकटींत नसून कृषि विद्यापीठाच्या शिफारशींत आणि शेजाऱ्याच्या रानांत असतें.

यावर उपाय फार अवघड नाहींत. चौकटींतील दूरध्वनीवर पैसे पाठवून माल मागवूं नये; परवाना असलेल्या दुकानांतूनच घ्यावा, आणि पक्की पावती घेऊन ती पीक हातीं येईपर्यंत पाकिटासह जपून ठेवावी. जाहिरात कोणाची आहे हें पाहावयाचें असेल तर गूगलनें २०२३ पासून जाहिरातदारांची एक खुली नोंदवही इंटरनेटवर ठेविली आहे. तींत देणाऱ्याचें नांव व त्याच्या इतर जाहिराती पाहतां येतात. घरांतील शिकलेल्या मुलास हें काम पांच मिनिटांचें आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणें केंद्रीय प्राधिकरणास पहिल्या खेपेस १० लाख रुपयांपर्यंत आणि पुढील खेपेस ५० लाखांपर्यंत दंड करतां येतो. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यतेचा क्रमांक १९१५ हा आहे. शेतकरी हा ग्राहक नव्हे, तो धंद्यासाठीं बी घेतो, असा बचाव कंपन्या पूर्वीं करीत. परंतु राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं तो फेटाळून शेतकऱ्यास ग्राहकाचे हक्क आहेत असा स्पष्ट निवाडा दिला. हक्क आहे, तो बजावण्यास पावती मात्र हवी.

सरकारकडेही आमचें एक मागणें आहे. बी, खत व कीटकनाशक यांच्या प्रत्येक जाहिरातींत, मग ती भिंतीवर असो कीं मोबाइलच्या पडद्यावर, उत्पादकाचें नांव आणि नोंदणी क्रमांक वाचतां येईल अशा अक्षरांत असलाच पाहिजे, असा दंडक घालावा. ज्या पेढ्या लिलावांतून दलाली खातात त्यांनीं हा क्रमांक पाहिल्यावांचून चौकट लावूं नये. पानाचा मालक म्हणतो 'मीं निवडली नाहीं', दलाल म्हणतो 'यंत्रानें लावली', आणि शेतकऱ्याचें रान तर उजाड झालेलें. अशा स्थितींत जाब विचारण्यास एक तरी जागा कायद्यानें दाखविली पाहिजे.

सभासद बंधुभगिनींना आमची विनंती अशी आहे. सीताफळाचा बहर लागण्यापूर्वीं प्रत्येक गटानें एक बैठक भरवावी. गेल्या हंगामांत किती पेट्या कोणत्या गांवीं गेल्या, किती परत आल्या, आणि गिऱ्हाइकास आपला पत्ता कोणीं दिला, याचा हिशेब मांडावा. मानांकनाची नोंद राहिली असेल त्यांचे अर्ज त्याच बैठकींत भरून घ्यावे. पणन मंडळाकडे सामायिक जाहिरातीची मागणी करणारा ठराव करून त्याची एक प्रत आमच्याकडे पाठवावी; आलेले ठराव आम्ही एकत्र करून योग्य ठिकाणीं सादर करूं. त्यानंतर गांठीं जे दोन पैसे उरतील ते जाहिरातीस लावावयाचे कीं चांगल्या पेट्यांस, हें प्रत्येक गटानें आपल्या वहींतील आंकडे पाहूनच ठरवावें.